समुद्रतळावरील तार आणि नळ

मुंबईच्या किनाऱ्यावर उभें राहून पश्चिमेकडे पाहिलें तर दृष्टीस पडतात त्या लाटा, मासेमारीचीं गलबतें आणि क्षितिजाची रेषा. परंतु जें दिसत नाहीं त्याचा व्याप याहून कितीतरी मोठा आहे. त्याच पाण्याखालीं दूरदेशींचे निरोप वाहणाऱ्या तारा पसरल्या आहेत, आणि समुद्रांतील विहिरींचें तेल व वायु उरणच्या किनाऱ्यास पोंचविणारे पोलादी नळहि तेथेंच निजले आहेत. तार काय किंवा नळ काय, दोन्ही वस्तु लांबच लांब, दोन्ही दृष्टीआड, आणि दोहोंवर शहरांतील संसाराची भिस्त. तार तुटली तर एखाद्या देशाची वाचा बसते. नळ फुटला तर समुद्रांत विष पसरतें.

तेव्हां प्रश्न असा कीं, खवळणाऱ्या समुद्राच्या तळाशीं सोडलेली वस्तु सोडल्या जागीं राहते कशी? या राहण्यास अभियंते ‘स्थैर्य’ म्हणतात. तारेचें स्थैर्य आणि नळाचें स्थैर्य एकाच मापानें मोजतां येतें काय, याचा निकाल लावण्यास मनुष्यास पाऊणदोनशें वर्षें लागलीं, आणि तो निकाल अद्यापहि पुरता लागलेला नाहीं. त्या दीर्घ विचाराची कथा समुद्राइतकीच मनुष्याच्या समजुतींविषयीं बोलणारी आहे.

कथेचा आरंभ एका अपयशानें होतो. २८ ऑगस्ट १८५० रोजीं जेकब ब्रेट व जॉन वॉटकिन्स ब्रेट या बंधूंनीं ‘गोलायथ’ नांवाच्या आगबोटीवरून इंग्लंडांतील डोव्हर व फ्रान्सचें ग्री-ने भूशिर यांच्या दरम्यान एक तार सोडली. तांब्याची एक बारीक तार, तिच्यावर गटापर्चा नांवाच्या झाडाच्या चिकाचें आवरण, एवढाच तिचा सरंजाम. ती इतकी हलकी होती कीं, आपण होऊन बुडेना. म्हणून ठराविक अंतरावर तिला शिशाचीं वजनें बांधावीं लागलीं. त्या संध्याकाळीं पैलतीरावर कांहीं अक्षरें उमटलीं, आणि दुसरा दिवस उजाडतो तों तार मुकी झाली. एका फ्रेंच कोळ्यानें ती जाळ्यांत ओढली व कांहीं अपूर्व समुद्रवनस्पति समजून तिचा तुकडा कापून नेला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, एवढ्या नाजूक वस्तूचा नाश करण्यास खडकाची एक धारहि पुरेशी होती.

ब्रेट बंधूंनीं हाय खाल्ली नाहीं. २५ सप्टेंबर १८५१ रोजीं त्याच सामुद्रधुनींत दुसरी तार पडली. या वेळीं चार तांब्याच्या तारा गटापर्चांत गुंडाळून, त्यांवर तागाचें वेष्टण देऊन, त्याभोंवतीं दहा जाड लोखंडी तारांचा पीळ घातला होता. मैलामागें सुमारें सात टन वजनाचा हा दोर तळाशीं गेला तो बसलाच, आणि अनेक वर्षें त्यानें आपली चाकरी चोख बजावली. लोखंडी चिलखतानें दोन कामें केलीं: घर्षणापासून रक्षण, आणि प्रवाहास दाद न देणारा भार. या विजयापासून पहिला धडा घेतला गेला तो असा कीं, समुद्रांत वजन हेंच स्थैर्य.

पण उथळ पाण्याचा धडा खोल पाण्यास लागू पडेल काय? १८५३ मध्यें अमेरिकन आरमाराच्या ‘डॉल्फिन’ जहाजानें उत्तर अटलांटिक महासागराची खोली मोजतांना तळाचा थोडा गाळ वर आणला. सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांत सापडले ते केवळ अतिसूक्ष्म जीवांचे शिंपले, एकहि कंगोरा न झिजलेले. वाळूचा कण औषधालाहि नव्हता. यावरून मॅथ्यू फॉन्टेन मॉरी या सुप्रसिद्ध समुद्रशास्त्रज्ञानें १८५४ मध्यें अनुमान काढलें कीं, त्या खोलींत पाणी निश्चल आहे आणि तेथें टाकलेली तार चिरनिद्रा घेईल. अनुमानांत तथ्य होतें. लाटेचा प्रभाव तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंतच पोंचतो. दोन लाटांच्या शिखरांत दोनशें मीटर अंतर असेल तर शंभर मीटरांखालीं तिची चाहूल जवळजवळ लागत नाहीं. चूक झाली ती निराळीच. पाणी शांत आहे म्हणजे तळ निर्धास्त आहे, असा अर्थ लोकांनीं मनाशीं धरला.

ही चूक प्रथम तांबड्या समुद्रानें दाखविली. १८५९ व १८६० या वर्षांत सुएझपासून एडनवरून कराचीपर्यंत तार टाकण्यांत आली. खर्च वांचावा म्हणून ती हात आंखडून, ताणून सोडली होती. तांबड्या समुद्राचा तळ म्हणजे प्रवाळांच्या टेकड्या आणि घळी. त्यामुळें तार एका सुळक्यावरून दुसऱ्या सुळक्यावर, दोन खुंटांना बांधलेल्या वाळवणाच्या दोरीप्रमाणें, अधांतरीं लोंबत राहिली. तिच्यावर शिंपल्यांचीं पुटें चढलीं, भार वाढला आणि ती ठिकठिकाणीं तुटली. सरकारनें व्याजाची हमी दिलेली असल्यानें मुक्या तारेचा भुर्दंड पुढें दीर्घकाळ सरकारी खजिन्यास सोसावा लागला.

ब्रिटिश सरकार व अटलांटिक तार कंपनी यांनीं नेमलेल्या संयुक्त समितीनें १८६१ मध्यें आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. तोंपर्यंत जगांत समुद्रांत सोडलेल्या ११,३६४ मैल तारेपैकीं केवळ सुमारें ३,००० मैल चालूं होती. दोष अनेक होते: सदोष वेष्टण, अति जोरदार वीजप्रवाह, निष्काळजी बांधणी. परंतु एक गोष्ट पुढील पिढीनें गांठीस बांधली. तार ताणून टाकावयाची नाहीं. तळाच्या प्रत्येक उंचवट्यास व खळग्यास तिला अंग लावतां यावें इतकी ढील तिला दिलीच पाहिजे. वजनाच्या जोडीला लवचीकपणा आला. वडाचा भार आणि लव्हाळ्याची नम्रता यांचा हा संगम होता.

१८६६ मध्यें ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजानें अटलांटिक महासागर तारेनें सांधला आणि आदल्या वर्षीं तुटून दोन मैलांहून अधिक खोल बुडालेली तारहि आंकडे टाकून वर काढली. बुडालेली तार पुन्हां हातीं येते, जोडतां येते, हें यावरून सिद्ध झालें. त्याच जहाजानें फेब्रुवारी १८७० मध्यें मुंबईहून एडनच्या दिशेनें तार सोडण्यास प्रारंभ केला, आणि त्याच वर्षाच्या मध्यास मुंबई आणि इंग्लंड हीं समुद्रमार्गें तारेनें जोडलीं गेलीं. या काळांत रूढ झालेली पद्धति आजहि पाळली जाते. किनाऱ्यालगत, जेथें लाटा व नांगर यांचें भय, तेथें जाड चिलखताची जड तार. खोल समुद्रांत हलकी व सडपातळ. जेथें जसें संकट, तेथें तसें अंग.

साठ वर्षें ही व्यवस्था बिनतक्रार चालली. पुढें १८ नोव्हेंबर १९२९ रोजीं न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेस समुद्राखालीं मोठा भूकंप झाला. भूकंपानें उठलेल्या लाटेनें त्या बेटाच्या किनाऱ्यावर २८ जणांचा बळी घेतला. त्याच वेळीं अटलांटिकमधील बारा तारा तुटल्या. पण त्या तुटल्या त्या विलक्षण क्रमानें. भूकंपस्थानाजवळच्या तत्क्षणीं गेल्या, त्यांच्या खालच्या उतारावरील कांहीं वेळानें, आणि सर्वांत दूरची तार तर तेरा तास सतरा मिनिटांनीं. उलट उथळ पाण्यांतील तारा मात्र शाबूत राहिल्या. या कोड्याचा उलगडा ब्रूस हीझेन व मॉरिस यूइंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९५२ मध्यें केला. भूकंपानें उतारावरचा गाळ सुटला, पाण्यांत कालवला गेला, आणि जड गढूळ लोंढ्याच्या रूपानें शेंकडों मैल तळावरून धांवत गेला. वाटेंत आलेली एकेक तार त्यानें तोडली. तार तुटण्याची वेळ नोंदलेली असल्यानें त्या अदृश्य पुराचा वेगहि मोजतां आला. जानेवारी २०२० मध्यें आफ्रिकेच्या पश्चिमेस कांगो नदीच्या समुद्रांतील घळईंत असाच लोंढा अकराशें किलोमीटरांहून अधिक धांवला व त्यानें दोन मोठ्या तारा तोडल्या.

मॉरीच्या निश्चल समुद्राचें चित्र येथें भंगलें. वस्तु कितीहि जड व कितीहि लवचीक असो, ती ज्या भूमीवर टेकली आहे ती भूमीच चालूं लागली तर तिनें काय करावें? तारेच्या इतिहासानें मिळविलेलें हें ज्ञान पुढें नळास उपयोगी पडणार होतें.

नळ या कथेंत आला तो तारेच्याच पोटीं जन्मून. दुसऱ्या महायुद्धांत फ्रान्समध्यें उतरणाऱ्या सैन्यास पेट्रोल कसें पुरवावें, हा प्रश्न पडला असतां अँग्लो-इराणियन तेल कंपनीचे मुख्य अभियंते ए. सी. हार्टले यांनीं एक सोपी कल्पना मांडली. समुद्री तारेच्या गाभ्यांतील तांबें काढून टाकलें तर जी पोकळी उरते, तींतून तेल कां वाहूं नये? तारा बनविणाऱ्या सीमेन्स ब्रदर्सच्या साह्यानें शिशाची नळी घेऊन तिच्यावर पोलादी पट्ट्या व तारा गुंडाळण्यांत आल्या. बाहेरच्या पाण्याच्या दाबानें ती चेपूं नये म्हणून ती आंत दाबाखालीं पाणी भरूनच समुद्रांत सोडीत. १९४२ च्या डिसेंबरांत ब्रिस्टल खाडींत तिची चांचणी झाली. १९४४ मध्यें आइल ऑफ वाइट ते शेरबूर्ग आणि नंतर डंजनेस ते बूलोन या मार्गांवर तसल्या नळ्या पडल्या. जोडीला जोडलेल्या पोलादी नळ्या प्रचंड तरंगत्या रिळांवर गुंडाळून सोडण्याचाहि प्रयोग झाला. आरंभींचे कांहीं प्रयत्न फसले, आणि युद्धोत्तर काळांत बरीचशी नळी शिशासाठीं पुन्हां वर काढण्यांत आली. तथापि तार आणि नळ या दोन जाती मुळांत एकच, हें त्या प्रयोगानें स्पष्ट झालें.

युद्धानंतर तेलाचा शोध समुद्रांत शिरला, नळांची जाडी वाढली, आणि येथें दोहोंचे स्वभाव वेगळे झाले. तीस इंच व्यासाचा व एकोणीस मिलिमीटर जाडीचा पोलादी नळ घेतला तर त्याच्या एका मीटरचें वजन सुमारें ३५० किलोग्रॅम भरतें. एवढा जड नळ बुडणारच, असें कोणासहि वाटेल. परंतु तोच एक मीटर सुमारें ४६५ किलोग्रॅम पाणी बाजूस सारतो. म्हणजे आंत वायु असेल तर पोलादाचा हा नळ तरंगेल! त्यास बुडविण्यासाठींच बाहेरून कांहीं इंच जाडीचा जड काँक्रीटचा थर द्यावा लागतो. तार भरीव असल्यामुळें बुडते. नळ पोकळ असल्यामुळें त्यास बुडण्याची शिकवणी द्यावी लागते.

बुडल्यावर प्रश्न राहण्याचा. तळावरून पाणी वाहूं लागलें म्हणजे वस्तूवर दोन जोर येतात: एक पुढें ढकलणारा, दुसरा वर उचलणारा. त्यांस तोंड देतें तें पाण्यांतील वजन आणि तळाशीं होणारें घर्षण. पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं दोन्ही जोर चौपट होतात. शिवाय वस्तूची जाडी दसपट झाली तर पाण्याचा जोर दसपटच वाढतो. वजन मात्र, घडण सारखी असेल तर, शंभरपट वाढतें. म्हणून या गणितांत बारीक वस्तु नेहमींच तोट्यांत राहते.

एक उदाहरण घेऊं या. शंभर मिलिमीटर जाडीची वीज नेणारी तार, मीटरला वीस किलोग्रॅम वजनाची, पाण्यांत सुमारें बाराच किलोग्रॅम भरते. सेकंदाला दीड मीटर वेगाचें पाणी तिला सुमारें दहा किलोग्रॅमच्या जोरानें वर उचलूं पाहतें आणि तितक्याच किंवा थोड्या अधिक जोरानें पुढें ढकलतें. तळावर टेकण्यास उरले दोन किलोग्रॅम. त्यांचें घर्षण एवढा ढकला कसा सोसणार? कागदावरचा निर्णय निश्चित होता: ही तार वाहून जाईल.

नळांसाठीं अशीं गणितें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पक्कीं होऊन त्यांचे नियम झाले. शतकाच्या अखेरीपासून समुद्रांत पवनचक्क्या उभ्या राहूं लागल्या, त्यांची वीज आणणाऱ्या जाड तारा उथळ, लाटांच्या पाण्यांतून न्याव्या लागल्या, आणि अभियंत्यांनीं हाताशीं असलेले नळांचे नियम तारांना लावले. गणित म्हणे तार वाहील. मग दगडांचे ढीग टाका, लोखंडी कवचें चढवा, खोल चर खणा. खर्च तर वाढलाच. पण संरक्षणासाठीं केलेला उपाय केव्हां अपाय होईल याचा नेम राहिला नाहीं. पवनचक्कीच्या बुडाशीं वाळू उकरली जाऊं नये म्हणून दगड पसरतात. २०२१ मध्यें युरोपांतील एका मोठ्या वायुवीज कंपनीनें जाहीर केलें कीं, आपल्या दहापर्यंत क्षेत्रांत तारांचीं कवचें याच दगडांवर हलून-घासून झिजत आहेत, आणि दुरुस्तीस तीन अब्ज डॅनिश क्रोनरपर्यंत खर्च येईल. जे दगड रक्षणासाठीं, तेच घातास कारण झाले. १८५० सालच्या तारेचा शत्रु १७१ वर्षांनीं पुन्हां भेटला.

मग गणित चुकत कोठें होतें? चूक बेरजेंत नव्हती, गृहीतांत होती. तळ हा स्वयंपाकघरांतील ओट्यासारखा घट्ट व सपाट आहे, असें गृहीत धरलें होतें. १९९६ मध्यें अँड्र्यू पामर या ब्रिटिश अभियंत्यानें या दोषावर बोट ठेवलें. ज्या वेगाच्या पाण्यानें नळ हलेल असें आपण म्हणतों, त्याहून पुष्कळ कमी वेगांतच वाळू हलूं लागते; मग वाळू स्थिर धरून नळाचें गणित करण्यांत अर्थ काय? पुढें वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठांत पाणी बंद वळणांतून जोरानें फिरविणारा एक मोठा नलिकामार्ग उभारून, त्यांत वाळूवर नळ ठेवून वादळांचे प्रयोग करण्यांत आले. त्यांत दिसून आलें कीं, पाणी नळाखालची वाळू उकरतें, नळ हळूहळू खालीं बसतो, आणि वाळू त्याच्या कडेनें भरून येते. जें वादळ त्यास उपटणार असें वाटत होतें, तेंच पुष्कळदां त्यास पुरून अधिक स्थिर करतें.

खडकाळ तळावर गोष्ट निराळी. तेथें तारेची बारीकी, जी गणितांत तिचें व्यंग ठरली होती, तीच तिचें बळ होते. तळाला लागून असलेलें पाणी वरच्या पाण्याहून मंद वाहतें. जाड नळाचें डोकें वेगवान पाण्यांत असतें, तर तार त्या मंद थरांत अंग चोरून असते. शिवाय ती दगडांच्या फटींत शिरते, कडांना अडकते, त्यांच्या आडोशास राहते. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांजवळ भरतीच्या प्रवाहांतून वीज काढण्याचें प्रयोगकेंद्र २००३ मध्यें स्थापन झालें. तेथें कांहीं ठिकाणीं पाणी सेकंदाला चार मीटरांच्या आसपास धांवतें. खडकांवर टाकलेल्या तेथील तारांच्या निरीक्षणावरून असें दिसून आलें कीं, जेथें नळांचें गणित तार हलणार म्हणून सांगतें, तेथेंहि ती पुष्कळदां जागीं राहते. यावरून तार निर्धास्त आहे असें मात्र समजूं नये. दोन दगडांमध्यें लोंबणारा तिचा भाग कांपत राहिला तर थकतो, आणि टेकलेला भाग घांसत राहिला तर झिजतो. सर्वत्र वाहून जाण्याचें भय कमी, परंतु एखाद्या जागीं झिजण्याचें भय अधिक, असा तिचा हिशेब आहे.

नळाचा हिशेब याहून कठोर. तो वांकत नाहीं. खळग्यावर आला कीं पुलासारखा अधांतरीं राहतो आणि वाहत्या पाण्यानें थरथरतो. त्याला हलविण्यास बाहेरच्या समुद्राचीहि गरज नसते. आंतील तेल तापलें कीं पोलाद लांबतें, आणि लांबण्यास जागा न मिळाली तर नळ आडवा बांक घेतो. २००० च्या जानेवारींत ब्राझीलमधील ग्वानाबारा उपसागरांत चिखलांतून जाणारा एक नळ असाच वांकून फुटला आणि सुमारें तेरा लाख लिटर तेल खाडींत पसरलें. किनाऱ्यावरच्या कांदळवनांना व कोळ्यांच्या उपजीविकेला त्याची मोठी झळ लागली. तुटलेली तार आंकड्यानें वर ओढून जोडतां येते. सांडलेलें तेल कोणत्या आंकड्यानें ओढावें?

येथें दोहोंच्या तुलनेचें मर्म आहे. एक तार गेली तर निरोप दुसरीनें जातात, जहाज येतें, सांधा होतो. म्हणून तारेस थोडें हलूं देतां येतें, आणि थोडी मोकळीक मिळाल्यानेंच ती टिकते. नळास ती मोकळीक मोजूनमापून, जपून द्यावी लागते, कारण त्याच्या चुकीची किंमत चूक करणाऱ्यास नव्हे, तर किनाऱ्यावरच्या माणसास मोजावी लागते. नियम दोघांना वेगळे असावेत तें केवळ जाडी भिन्न म्हणून नव्हे. बिघाडाचें फळ भिन्न म्हणून.

मुंबईच्या पश्चिमेस १९७४ मध्यें तेल सांपडलें, आणि १९७८ पासून तीस इंची तेलनळ व सव्वीस इंची वायुनळ सुमारें दोनशें किलोमीटर समुद्र ओलांडून उरणला येऊं लागले. दर पावसाळ्यांत नैर्ऋत्येचा वारा त्यांच्या माथ्यावर समुद्र घुसळतो. ज्या किनाऱ्यापासून १८७० मध्यें ‘ग्रेट ईस्टर्न’ तार सोडीत निघालें, त्याच पाण्याच्या तळाशीं आज तार व नळ शेजारी होऊन राहिले आहेत. समुद्र मात्र दोघांशीं सारखा वागत नाहीं. एकास तो आपल्या वाळूंत सामावून घेतो, तर दुसऱ्यास रोज थोडाथोडा घांसतो. हें ओळखून जो दोघांची वेगवेगळी काळजी वाहील, त्याच्याच घरीं निरोपहि येतील आणि दिवाहि लागेल.